जादूघर

घोडेवाले, हमाल, तांबटांची पोरं
त्या इमारतीला जादूघर म्हणत.
आत म्हणे कवटीवर हात ठेवून शपथ घेतात,
आत म्हणे गोरा आणि काळा एका पंगतीला बसतात.
यातलं दुसरं कुणालाच खरं वाटत नसे.

पणजोबा, शामराव धैर्यवान, हायकोर्टात तर्जुमान,
महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी तिथं जात.
रोजनिशीत एवढंच:
'लॉज. साडेदहाला परत. दाढ दुखते.'
हिराई विचारी, काय करता तिथं?
ते म्हणत, गवंडीकाम.
ती त्यांचे हात बघे. नखांत शाई. चुना कुठंच नाही.

एका गुरुवारी कर्नल पेंब्रीनं त्यांना बंधू म्हटलं,
म्हणजे म्हटलंच असणार, तिथला तो नियम होता.
शुक्रवारी कोर्टाच्या जिन्यावर
त्याच कर्नलनं त्यांचा सलाम
भिंतीवरच्या पालीसारखा पाहिला
आणि वर निघून गेला.
रोजनिशीत तो शुक्रवार कोरा आहे.
पुढच्या महिन्यात मात्र आहे: 'लॉज.'
का गेले पुन्हा, मला अजून उलगडत नाही.

वारले तेव्हा कोकराच्या कातड्याचा पांढरा एप्रन
सोबत द्यायचा होता.
भटजी म्हणाले, चामडं? चितेवर?
सोनापुरात लांब उभे होते सोराबजी दुबाश,
आगीत प्रेत बघवत नव्हतं, तरी आले होते.
त्यांनी बाभळीची डहाळी
माझ्या दहा वर्षांच्या आजोबांच्या हातात दिली, म्हणाले, ठेव.
करणी, कुणीतरी कुजबुजलं.
आजोबांना म्हातारपणीही
त्या काट्याची जागा दाखवता येई.

आणि शेवटच्या रात्रीचं:
पणजोबांनी हिराईचा हात धरला,
अंगठ्यानं तिच्या बोटाच्या पेरावर दाबलं. दोनदा.
तिला वाटलं, वात.
पुढं तिनं तो दाब सुनेला दाखवला,
सुनेनं मला, कोलंबी सोलता सोलता, ओल्या हातांनी:
'दादा जाताना असं करत होते.'
ज्या दारातून एकही बाई आत गेली नाही
तिथली खूण आमच्या मोरीपाशी अशी आली,
सालांच्या ढिगाशेजारी.

परवा फोर्टात त्या दारासमोर थांबले.
पहारेकऱ्यानं विचारलं, काम?
म्हटलं, काही नाही.
लेकीला घेऊन रस्ता ओलांडायचा होता.
हात धरला, तर अंगठा आपोआप पेरावर.
'आई,' ती म्हणाली, 'दुखतंय.'