बगळ्याचा गुडघा

ग्लेनडेलला, गालिच्यांच्या दुकानाच्या माडीवर
आम्ही सातजणी बसायचो, हातांत सुती मोजे घालून,
ॲसिटेटच्या पारदर्शक तावांवर पाठीमागून रंग भरत.
पाठीमागून, कारण पुढे रेघ असते
आणि रेघ आमची नसते.
बैरूतला मी चिनी मातीच्या बशांवर डाळिंबं काढायचे.
इथे बगळा वाट्याला आला.

पिवळं जाकीट, जांभळी टोपी,
चोचीच्या आत सत्तेचाळीस नंबरचा गुलाबी.
एका सेकंदाला बारा बगळे,
गाणं चार मिनिटांचं.
हिशेब करू नका. मी केला होता,
त्या दुपारी जेवण गेलं नाही.

नाचणारी मात्र खरी. डेल्फीन रोर्क.
झाडूच्या दांड्याला खोचलेल्या टेनिसच्या चेंडूकडे
अशी काही बघायची
की चेंडू लाजून लाल व्हावा.
कमरेला हात घालायला कुणी नव्हतं
तरी ती मागे झुकली, नेमकी तेवढीच,
जेवढं एखाद्या पंखावर रेलता येतं.
तो पंख आम्ही तिथे ठेवला
तीन आठवड्यांनी.

सगळा घोळ गुडघ्याचा.
बगळ्याचा पाय उलटा मोडतो, मग हा ताल धरणार कसा?
टॉरवाल्डनं खोडरबराचे डोंगर केले,
स्वतः टेबलावर चढून नाचून पाहिलं, टेबल मोडलं.
शेवटी प्राणिसंग्रहालयातल्या कुणा बाईंना फोन लावला.
त्या म्हणाल्या, अहो, तो गुडघा नव्हेच, तो घोटा.
खरा गुडघा वर असतो, पिसांत,
तो कुणाला दिसत नाही.

त्याच आठवड्यात ओडेल पेटवे आला,
डोनटचा खोका घेऊन, दारातच घुटमळत.
गाण्यातला तो खर्जातला आवाज त्याचा.
व्हिडिओत तो कुठेच नव्हता.
‘यातला मी कोणता?’
मी एक ताव दिला. त्यानं खिडकीशी धरला.
बगळ्याच्या न रंगवलेल्या पोटातून
खाली उभी त्याची गाडी दिसत होती, एक दिवा फुटलेली.
तो हसला. मागचा एक दात सोन्याचा.
मग म्हणाला, ‘टोपी काही मला शोभत नाही,’
आणि उरलेले डोनट न खाताच गेला.

बगळ्याला दात नसतात, एवढं मलाही कळतं.
पण रात्री सगळ्या गेल्यावर
सत्तेचाळीस नंबरच्या गुलाबीत, चोचीत अगदी आत,
मी सोनेरीचा एक ठिपका ठेवला.
एकाच तावावर.
सेकंदाचा बारावा भाग.
तपासनिसाला शिंक आली असेल, त्यानं सही केली.

पुढचं तुम्हाला माहीत असल्यासारखंच.
लाँड्रीतल्या टीव्हीवर तेच, दंतवैद्याकडे तेच.
आमच्या गल्लीतली पोरं पाय उलटे मोडायला जाऊन
धडाधड पडायची.
दौऱ्यावर पिसांच्या पोशाखात भलताच कुणी नाचला
आणि ओडेलचा आवाज टेपवरून वाजला.
सोनेरी ठिपका कुणी पाहिला नाही.
मीही नाही. मी दरवेळी पापणी मिटायचे, नेमकी तेव्हाच.

सहा वर्षांनी फोन. फ्रेस्नोहून, बहिणीच्या घरून.
भाचीनं कॅसेट मध्येच थांबवली होती, म्हणे,
पडद्यावर रेघा नाचतायत, बगळा थरथरतोय.
‘अराक्सी, चोचीत ते काय आहे?’
‘सांडला असेल रंग,’ मी म्हटलं.
‘हं,’ तो म्हणाला, त्याच खर्जात. ‘सांडला असेल.’
मग कितीतरी वेळ नुसती यंत्राची घरघर.

थांबवलेली कॅसेट फार वेळ थांबत नाही,
आपली आपण सुटते.
तिकडे गाणं सुरू झालं, पुरुषाच्या ओळीपासून.
टीव्हीतला गात होता की फोन धरलेला,
मला ओळखता आलं नाही.
माझ्या हातात बटाटा होता, अर्धा सोललेला.
कडवं संपेपर्यंत मी सुरी खाली ठेवली.