काळी मान

पहिला हंस निबाल्दोमामाने काढला,
पिठाच्या पिशवीच्या पाठीवर, सुतारी पेन्सिलीने.
वाल्दिव्हियात सगळेच काढतात तसा:
पांढरं अंग, काळी मान, चोचीवर लाल गाठ.
क्लबला रविवारच्या आत नऊ जर्स्या हव्या होत्या,
आठ वल्हवणाऱ्यांना, एक ओरडणाऱ्याला.

आईकडे काळ्या दोऱ्याचं एकच रीळ होतं,
आजोबांच्या दुखवट्याच्या कपड्यांतून उरलेलं.
पांढरा संपलेला. लाल तर नव्हताच.
तिने नुसती मान भरली
आणि बाकीचा हंस कापडावर सोडून दिला.
"अंग ज्याचं त्याने आणावं," म्हणाली.

क्लब हरला. पाच बोटींत चौथा.
पण धक्क्यावर कुणीतरी विचारलं, ही मान कुणाची?
तेव्हापासून दुकानाचं नाव कुएयो.
आमच्याकडे मानेलाही कुएयो म्हणतात, कपड्याच्या गळ्यालाही;
आईचा गळे शिवण्यात हातखंडा,
तेव्हा कुणाची हरकत नव्हती.

मग निळ्या जर्स्या आल्या, हंस निळा झाला.
शाळेच्या फुटबॉल संघासाठी पिवळा.
मामाची झोप उडाली. पिवळा हंस म्हणजे बदक.
त्याने भोवती गोल काढला, आत तीन लाटा,
लाटांखाली साल.
भरतकामाच्या मशीनला लाटा झेपेनात,
दोरा गुंतून तिथे गवत उगवायचं.
गिऱ्हाइकं म्हणायची, छान, हंस चरतोय.
दोन वर्षं आम्ही ते गवत विकलं.

ज्या वर्षी नदीतलं खरं गवत कुजलं
आणि हंस गेले,
काही उडून, काही उडता न आल्याने,
त्या वर्षी आईने लाटा काढून टाकल्या.
दोरा वाचतो, एवढंच म्हणाली.

सान्तियागोहून माइते आली, कोऱ्या वह्या आणि एक कुत्रा घेऊन.
तिने गोल पुसला, साल पुसलं,
चोच मागितली, मी दिली.
डोळ्यावरून तीन दिवस भांडण.
"नखाएवढ्या चित्रात डोळा दिसत नाही,
लोकांना वाटतं डाग पडला."
आई म्हणाली, डोळाच नाही त्याला मान कशाला?
मामा तेव्हा दवाखान्यात होता.
त्याला कुणी विचारलं नाही.

आता उरलाय नुसता आकडा,
गळाचा म्हणा, दोनाचा म्हणा.
पुएर्तो मोन्तच्या एका क्रीडाशिक्षकांनी विचारलं,
तुमच्याकडे एक नंबरचा माल नसतो का?
आणि तो भरतही नाही आम्ही.
तापल्या पट्टीखाली सहा सेकंद, सोललं की झालं.
उलट बाजूला काही नसतं,
गाठसुद्धा.

गेल्या मंगळवारी क्लबच्या माळ्यावर
त्या नवांतली एक जर्सी सापडली.
लहान मापाची. ओरडणाऱ्याची असावी.
दोरा केव्हाच उसवून गेलेला;
उजेडापुढे धरली तर सुईची भोकं,
मानेच्या वाटेने ओळीत.
आईने चष्म्याशिवाय, बोटाने मोजली.
एकशे बारा.
वळणावर थांबली.
"इथे चुकले होते. घाई होती.
नाहीतर एवढी वाकत नाही कुणाची मान."

तोच बाक माइतेने कंपासने मोजून
नोंदणीच्या कागदावर कायम केलाय, अंशांत.

मी काही बोलले नाही.
आईने जर्सी मांडीवर पसरली, हाताने सारखी केली,
आणि विचारलं,
लाल दोरा असेल ना आता आपल्याकडे?