मिनिट एकेचाळीस

सकाळी नऊ वाजता कुणी सिनेमा बघतं का?
विस्बाडेनमधले हे सात जण बघतात.
थर्मासमधली कॉफी, मांडीवर फळी, फळीवर कागद,
आणि प्रत्येक खुर्चीला एक दिवा,
पडद्यावर उजेड सांडणार नाही एवढाच.
मी मागे, काचेआड, यंत्रापाशी.
बावीस वर्षांत मी सिनेमे कमी
आणि या लोकांच्या माना जास्त पाहिल्यात.

मान आखडली की बारा.
शेजाऱ्याकडे वळली की सोळा.
पेन खाली ठेवलं, तर मग काही सांगता येत नाही.

आजची गोष्ट दीपगृहात राहणाऱ्या एका मुलाची
आणि त्याच्या तपकिरी कुत्र्याची.
एकेचाळिसाव्या मिनिटाला बर्फ तडकतो.
कुत्रा दिसत नाही. भोक दिसतं फक्त,
आणि त्यातून वर येणारे बुडबुडे,
आधी भराभर,
मग सवडीने.

फ्राउ क्लेफिश बालवाडीतून निवृत्त झाल्या
तरी गळ्यातलं स्टॉपवॉच सुटलेलं नाही.
बर्फ तडकल्यापासून आई मुलाला कवेत घेईपर्यंत
अडतीस सेकंद, त्या म्हणाल्या.
सहा वर्षांचं पोर अडतीस सेकंद
भीती तोंडात धरून बसेल?
गिळेल की थुंकेल?

हेर ट्युमलर म्हणाले, रक्त नाही, किंकाळी नाही,
शेवटी बर्फ वितळतो, नवं पिल्लू येतं.
"पिल्लू आलं म्हणून काय झालं," कोपऱ्यातून कुणीतरी,
"आधीचं गेलं ते गेलंच ना."

शून्याला पांढरा, सहाला पिवळा, बाराला हिरवा,
सोळाला निळा, अठराला लाल.
एवढ्या पाच खणांत
माणसाचं सगळं घाबरणं बसवायचं.
बाराचा शिक्का पडला, तर सहा वर्षांचं मूल
आईबापाचं बोट धरून आत येऊ शकतं.
सहाचा पडला, तर पाच वर्षांच्याला
बोटाचाही उपयोग नाही.

हात वर झाले. चार विरुद्ध तीन.
पिवळा.
बाहेर बाकावर बसलेल्या वितरकाचा जीव भांड्यात पडला.
मी दिवे लावले, कप गोळा केले.

माझी सेहेर पावणेसहा वर्षांची.
नोव्हेंबरात इझमिरहून व्हिडिओ कॉल आला.
तिकडे माझ्या आईने फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता,
बाबांच्या उशाशी.
शेजारणी आल्या. कुणी चादर सारखी केली,
कुणी खिडकी उघडली.
सेहेर माझ्या मांडीवर, टोस्ट खात.
तिने विचारलं,
"आजोबांचा आवाज बंद का केलाय?"
मी बटण शोधू लागलो.
खरंच शोधू लागलो.

किती सेकंद, फ्राउ क्लेफिश?

फेब्रुवारीत सिनेमा लागला.
सेहेरचा वाढदिवस नऊ मार्चला.
तिकीटखिडकीतला पोरगा चांगला होता,
स्वतःच्याच चुकीसारखा ओशाळला.
"नियम आहे," म्हणाला.
मी बावीस वर्षं त्या नियमाच्या पाठीशी बसतो,
हे त्याला माहीत नव्हतं
आणि मी सांगितलंही नाही.

पोस्टरवरच्या पिवळ्या चौकटीवर तिने बोट ठेवलं.
"हा नऊ डोक्यावर उभा आहे."
मग, हळूच,
"बाबा, कुत्रा मरतो?"

आतलं बाहेर नेणार नाही,
अशी सही केलेली आहे मी.
आणि खरं सांगायचं तर
त्या मिनिटाला मी पडद्याकडे पाहतच नव्हतो.
सात माना पाहत होतो.
एकही वळली नाही, आखडली नाही.
सात पेनं खाली होती.
फ्राउ क्लेफिशचं घड्याळ चालूच राहिलं,
बर्फ वितळेपर्यंत, पिल्लू येईपर्यंत.
बंद करायचं राहून गेलं त्यांच्याकडून.
अडतीस त्यांनी नंतर अंदाजाने सांगितले.

सेहेर उत्तराची वाट पाहतेय,
लाह्यांचा डबा दोन्ही हातांत धरून.
अजून एकही खाल्लेली नाही.