तिसरं बटण

घरं दुखणं अंगावर काढतात.
वर ताजा रंग, दारात दालचिनीचा वास
(एजंटने सांगून ठेवलेलं असतं, सकाळीच ओव्हन लावा)
आणि खाली तळघरात, नडगीच्या उंचीवर,
पाण्याने भिंतीवर ओढलेली खारट पांढरी रेघ.
मी आधी तिथे वाकतो.

तेवीस वर्षं झाली.
टॉर्च, शिडी, ओलावा मोजायचं यंत्र,
खिशात एक काचेची गोटी.
जमिनीवर ठेवायची आणि सोडून द्यायची.
ती ज्या कोपऱ्याकडे निघते
तिथे जाऊन मीही गुडघे टेकतो.

बहुतेक ठिकाणी तेच ते.
पन्हळीचं पाणी पायातच मुरतंय.
न्हाणीघरातला पंखा सगळी वाफ माळ्यावर सोडतोय,
फळ्यांना काळी बुरशी,
खिळ्यांच्या टोकांवर हिमाचे दाणे.
घर फिरलं की वासेही फिरतात म्हणे.
मी पाहिलं ते उलट.
वासे आधी फिरतात,
घराला फार उशिरा कळतं.

मग एखादं वेगळं निघतं.
लॉरियममध्ये तुळईखाली खांबाऐवजी मोटारीचा जॅक,
एकाहत्तर सालापासून.
मालक म्हणाला, थंडी सरली की काढणारच आहे.
हॅनकॉकला दुसऱ्या मजल्यावर एक दार,
पलीकडे ना जिना ना सज्जा, नुसती हवा.
"दार आधी बसवलं त्यांनी," बाई म्हणाल्या,
"सज्जा उन्हाळ्यात करणार होते."
कडी हाताळून हाताळून चकचकीत झालेली.
मी लिहिलं: पडण्याचा धोका.

काल कॅल्युमेट.
खाणकंपनीने कामगारांसाठी बांधलेल्या ओळीतलं घर.
आइली हेइक्किला नोव्हेंबरात गेली,
भाचा डेट्रॉइटहून फोनवर विकतोय.
छप्पर बरं. धुराडं वाकलेलं.
परसातलं सौना तेवढं ठणठणीत,
बाकांना अजून बर्चचा वास.

स्वयंपाकघरात तीन बटणं.
पहिलं मोरीवरचं, दुसरं पडवीचं,
तिसऱ्याने काहीच होईना.
वर. खाली. वर. खाली. वर.
शेगडीवर एक पिवळा बल्ब होता खरा,
पण तो या तिन्हींतल्या कुणाचंच ऐकेना.
तिसऱ्याची वायर धरून खाली उतरलो.
ती पायाच्या दगडांतून बाहेर गेली होती,
भोकात लोकरीचा एक मोजा कोंबलेला.

दार वाजलं.
बर्फात सपाता घालून एक म्हातारा,
कोटाची एकच बाही चढवलेली,
दम लागलेला.
माझ्या खांद्यावरून त्याने आत पाहिलं.
मग माझ्याकडे.
मग पुन्हा आत.
"हं," तो म्हणाला. "तुम्ही होय."

स्तीपान व्रबानेत्स, कुंपणापलीकडचा.
दारातच उभा राहिला, या म्हटलं तरी.
"तिचं बटण, दिवा माझ्याकडे.
माझं बटण, दिवा तिच्याकडे.
रोज सकाळी सातला. एकोणीस वर्षं.
आज तर अकराला लागला,
तोही पाच वेळा."
सपातांवरचा बर्फ त्याने उंबऱ्यावर झाडला.
"वायर मीच पुरली. परवाना नव्हता.
लिहून घ्या."

लिहून घेतलं.
ते माझं काम आहे, घर घेणाऱ्या पोरांना लहान मूल आहे.
जमिनीखालून विनापरवाना वायर,
नळी नाही, खोली जेमतेम चार बोटं.
तातडीने तोडावी.

शिडी मिटली. गोटी शोधली,
ती फ्रिजखाली गेली होती, तिथेच राहू दिली.
टॉर्च विझवला
आणि खोलीत तरीही उजेड होता.

शेगडीवरचा बल्ब.
मी त्याच्याकडे बघत राहिलो,
हातात पेन, पेनाला टोपण नाही.
कागदावर एक रकाना मोकळा होता.
दिवा, स्वयंपाकघर, शेगडीवर.
स्थिती: चालू.