नवानंतर ए

रात्री एक ते चार, एवढीच वेळ मिळाली आहे.
नोटीस परवाच लावली, लिफ्टच्या आरशावर:
सेवा अधूनमधून खंडित राहील.
धनकवडी झोपली आहे. फक्त आमचा एसी घोरतोय.

खळदकर सरांनी डायरी आणली आहे,
निळ्या रेक्झिनची, कोपरे कुरतडलेली.
बावीस वर्षांचे पत्ते, तिरक्या अक्षरात.
दहा, चार, सात, दोन – आंबेगावचा टॉवर.
दहा, चार, सात, नऊ – बिबवेवाडीची रक्तपेढी.
ते डायरी उघडत नाहीत. पाठ आहे सगळं.
बायकोचा नंबर मात्र बघून लावतात.

सर, आता चार आकडे नाहीत. आठ गट.
मध्ये विसर्ग.
"विसर्ग? दुःखातला?"
हो, तोच. आणि दोन विसर्ग लागोपाठ आले
की समजायचं, मध्ये नुसती शून्यं होती,
लिहायचा कंटाळा केलाय.
"आणि नवानंतर?"
नवानंतर ए.
ते चष्मा काढून पुसतात. बराच वेळ पुसतात.

मी शनिवारात कॉट बेसिसवर राहायचे,
नऊ मुली, एक पत्रपेटी.
कु. संयोगिता बिराजदार, द्वारा सौ. मेहेंदळे.
उदगीरहून आलेली पत्रं
काकू आधी उजेडात धरून बघायच्या,
मग कॉटच्या नंबरानं हाक मारायच्या.
एकदा माझं नोकरीचं पत्र सहा नंबरला गेलं.
ती गावी गेली होती, पत्र उशीखाली.

अर्धी धनकवडी आमच्या यंत्रात अशीच राहते.
द्वारा.
एका पत्त्यामागे चारशे घरं,
आणि एक राउटर, काकूंसारखा,
कुणाचं काय आलं ते लक्षात ठेवून ठेवून
दुपारी तापणारा.

दोन वाजून दहा. बालाजीनगरच्या पेटीपाशी
अल्ताफ टॉर्च तोंडात धरून विचारतो, "ताकू का?"
टाक.

काहीच झालं नाही.
म्हणजे जे व्हायचं ते असं झालं
की कुणी कूसही बदलली नाही.
उशीखालच्या फोनांनी, भिंतीवरच्या टीव्हींनी
अंधारात आपापला पत्ता घेतला,
स्वतःच जुळवून, कुणाला न विचारता.
पडद्यावर ओळी येत राहिल्या,
मोजायचं मी सोडून दिलं.

मग एकदम आठवलं:
काकू पत्रं उघडायच्या हे खरं,
पण रात्री बाहेरच्या दाराला कडीही त्याच घालायच्या.
आता ज्याचं त्याचं दार.
मी नियम पुन्हा तपासले, वरून खाली,
मग खालून वर.

रक्तपेढीच्या स्विचला नवी भाषा येत नाही.
बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली.
त्याला राहू दे जुन्यावर.

सर पहिला नवा पत्ता डायरीत उतरवतात.
ओळ संपते, पत्ता संपत नाही,
मग डायरी आडवी करतात.
दोन विसर्गांशी पेन थांबतं.
"इथे किती शून्यं?"
चार गट, सर. लिहायची नाहीत.
ते तरीही बोटांवर मोजतात, सोळा.
"जुने खोडू?"
नको. काही वर्षं दोन्ही चालतील.

तीन पन्नास.
जाण्याआधी ते, न बघता, हाक मारतात
दहा, चार, सात, नऊला.
तो ओ देतो.