एकच ळ

धरणगावला, जीनच्या मागच्या गल्लीत आमचा छापखाना.
पोस्टरची अक्षरं लाकडी. वीतभर उंच, शिसवी,
सुपडू मिस्तरीने कोरलेली.
सुपडूला वाचता यायचं, पण उलटं.
खिळ्यांतलं सगळं घडाघडा,
सरळ पाटी समोर आली की अडखळायचा.

जीनच्या यंत्रावर कुठल्याशा विलायती कारखान्याचं नाव होतं,
ओतीव लोखंडात. काळी, जाड इंग्रजी अक्षरं,
एकेकाच्या पायाखाली चौकोनी वीट.
सुपडू ती सुतळीने मोजून आला.
म्हणाला, साहेब अक्षरालाही जोडा घालतो.
आपला काना बघा, अनवाणी उभा,
दर महिन्याला रुळाखाली टवका उडतो त्याचा.

मग त्याने कान्याला जोडा दिला.
ग ला, प ला, म ला,
जो जो दांडी टेकून उभा होता त्याला.
शिरोरेषा धाब्याच्या सऱ्याएवढी जाड केली,
पण ब चं पोट रिकामं ठेवलं, ष चंही.
शाई आत शिरते, म्हणायचा, तिला बसायला जागा लागते.

ती अक्षरं शंभर पावलांवरून दिसत,
धावत्या बैलगाडीतून दिसत.
दंगल. सरकी-ढेप. फिरती टॉकीज, आज शेवटचा खेळ.
म्हैस हरवली आहे, डाव्या शिंगाला लाल रंग.
एका वरबापाने हट्टाने पत्रिका छापून घेतली त्यांत,
तर नवरीचं नाव
गुरांच्या बाजाराच्या जाहिरातीसारखं निघालं.
तो पैसे देऊन गेला, पत्रिका नेल्या नाहीत.

आणि ळ एकच.

क सहा, र नऊ, अनुस्वार मूठभर, ळ एक.
मी जुळारी. माझ्या हुद्द्यातच तो,
खिळ्यात तो, रुळात तो,
आणि जिल्हाभर नुसता ळ पिकलेला.
जळगाव विरुद्ध अमळनेर, अशी दंगल आली
की आधी जळगाव छापायचं,
अमळनेरच्या मध्ये भोक सोडायचं,
शाई वाळली की तोच ळ उचलून त्या भोकात,
पुन्हा सगळे कागद पहिल्यापासून.
धुळ्याचा पैलवान असला तर तिसरी फेरी.
दुसऱ्या फेरीतला ळ केसभर खाली लोंबायचा.
लोक त्यावरून छापखाना ओळखायचे.
हिरामणशेठ जादा ळ चे बारा आणे लावायचे,
केळीवाले व्यापारी भांडायचे.

मी सुपडूला म्हटलं, अजून दोन कोर.
तो किकरा घासत राहिला.
"आपली बोलीमा ळ कोठे शे, भाऊ?
जयगाव म्हनतस, धुये म्हनतस, केय म्हनतस.
एक बस."
मग जरा थांबून,
"आनि पायच नही त्याले. जोडा कोठे घालू?"

तो गेला तेव्हा शेठ म्हणाले, मोठ्या अक्षरांत लाव.
सुपडू झावरू मिस्तरी.
मी जुळणी केली, मोजून पाहिली.
ळ नव्हता कुठेच.
एका फेरीत काम झालं,
दुपारच्या आत भिंतींना चिकटलं.

आता अक्षरं नाहीत. काही वाळवीने, काही थंडीत शेकोटीला.
ळ माझ्याकडे आहे, कडा झिजून मऊ झालेला,
शाई काढली तरी निघत नाही.

एकदा आम्ही दोघं भुसावळहून रात्रीच्या पॅसेंजरने येत होतो.
डब्यात अंधार. एका स्टेशनात गाडी थांबली,
खिडकीबाहेर पिवळी पाटी.
मला डुलकी लागलेली.
ज वर सुपडू अडला असणार, ग वरही.
पण मधलं ते दोन पोटांचं, टांगलेलं,
जे उलटं धरलं काय नि सरळ धरलं काय,
जवळजवळ तेच दिसतं,
त्यावर बोट ठेवून त्याने मला हलवलं,
"ऊठ. जयगाव उनं."