तीन महिन्यांचा थर

मुळेगाव रोडच्या अलीकडे आमची सोसायटी.
बेचाळीस घरं, एक टाकी, एक बोर.
बोर चारशे दहा फूट.
पाणी रोज येतं, तक्रार नाही.
जड आहे, एवढंच.

शाळेत एक शब्द होता, दुष्फेन.
बाईंनी पाठ करून घेतला, एक मार्क मिळाला.
अर्थ आईच्या परातीत होता:
साबण घासून घासून बोटाएवढा झाला
तरी फेस नाही,
फाटलेल्या दुधासारखं काहीतरी वर तरंगतं.

मी गिझर दुरुस्त करतो.
मोटार, इस्त्री, मिक्सरही,
पण पोट कॉईलवर.
शहरात कॉईल पाच-सहा वर्षं जाते,
आमच्यात चौदा महिने.
खोलली की दगड निघतो,
पांढरा, कडेला पिवळट, थरावर थर.
हातोडीनं हळू ठोकतो,
तुकडा उजेडात धरतो
आणि वाचतो.
इथं बारीक रेघ, म्हणजे कारखाना बंद होता,
माणसं महबूबनगरला गेली होती.
इथं जाड, म्हणजे गड्डमांची सून बाळंतपणाला आली,
दोन्ही वेळा कढत पाणी.
हे गिऱ्हाइकाला सांगत नाही.
त्याला सांगतो, दोनशे ऐंशी, गॅसकेट वेगळं.

एकदा तपासणीला एक पोरगा आला.
बाटलीत पाणी घेतलं, औषध टाकलं,
पाणी जांभुळसर लाल.
मग दुसऱ्या बाटलीतून थेंब सोडत बसला.
आम्ही सगळे कठड्याशी, मनात मोजत.
अठ्ठाविसाव्या थेंबाला निळं झालं.
वहीत लिहिलं त्यानं.
अंबाक्कानं विचारलं, प्यायचं का नाही ते सांग.
म्हणाला, पिऊ शकता मावशी,
आवडेल असं नाही.

नरसय्या यमूल हसले.
चाळीस वर्षं रंगाच्या भट्टीवर काढलेला माणूस,
नखांच्या कडा अजून लाल.
म्हणाले, या पाण्यात लाल रंग बसायचा नाही नीट,
जरा मळकट यायचा, विटेसारखा.
मालकानं एकदा टँकर मागवला गोड पाण्याचा.
लाल असा पेटला, की बघवेना.
हैदराबादचा व्यापारी टॉवेल उलटापालटा करून म्हणाला,
हा नको, तो आधीचा द्या.

गेल्या दिवाळीनंतर उजनीची लाईन आली.
नारळ फोडला, फोटो काढले.
तिसऱ्या दिवशी अंबाक्का ओल्या केसांनी दारात,
अरे, साबण जाईना की अंगावरचा,
सात तांबे ओतले, अजून बुळबुळीत.
गजमांच्या घरी डाळ पाच शिट्ट्यांत पार विरघळली,
त्यांचा सोडा टाकायचा हात थांबलाच नव्हता.
चहा म्हणे नुसता गरम लागतो.
चार दिवसांनी सगळे गप्प झाले,
कपडे खरंच पांढरे निघाले होते.
माझ्याकडे त्या महिन्यात एकच इस्त्री आली.

मार्चात लाईन पाच दिवसाआड.
एप्रिलात आठवड्याने.
मग कुठंतरी पाईप फुटला,
आणि बोरची मोटार पुन्हा घरघरायला लागली.
खोटं कशाला बोलू,
तो आवाज ऐकून मी पाने-पक्कड पुसून ठेवली.

काल यमूलांचा गिझर खोलला.
दगड फोडला तर मध्ये एक रेघ,
कांद्याच्या सालीएवढी, जवळजवळ पारदर्शक,
खाली वर्षभराचं जाड, वर पुन्हा जाड.
पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला वाचून दाखवलं.
हे बघा काका, ते तीन महिने.

त्यांनी चष्मा कपाळावर सारला,
तुकडा डोळ्याजवळ नेला, मग जिभेला लावला,
जसे पूर्वी रंगाचं पाणी चाखायचे.
काही बोलले नाहीत.
खिडकीत ठेवला, लाल सुताच्या गुंडीशेजारी.

मी म्हणालो, दोनशे ऐंशी.
ते म्हणाले, आणि गॅसकेट?
म्हटलं, राहू द्या.